पोटातला गोळा आणि पॉलिनची यादी

१८९५ साल. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं अ‍ॅन आर्बर नावाचं गाव. गावात विद्यापीठ, विद्यापीठात मेडिकल कॉलेज, आणि तिथे पॅथॉलॉजी शिकवणारा आल्ड्रेड वॉर्थिन नावाचा, अजून तिशीही न गाठलेला डॉक्टर. (हा गडी आधी रीतसर संगीत शिकला होता आणि मग मेडिसिनकडे वळला. आपल्याकडे हा प्रवास उलटा होतो. इंजिनियरिंग करून लोक गिटार घेतात.) त्याच्या ओळखीत पॉलिन ग्रॉस नावाची शिवणकाम करणारी एक तरुण बाई होती. एक दिवस तिचा उतरलेला चेहरा बघून त्यानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली की आज मी ठणठणीत आहे, पण मी लवकर मरणार. आमच्या घरात सगळे असेच जातात, कुणी आतड्याच्या, कुणी जठराच्या, कुणी गर्भाशयाच्या कॅन्सरनं.

आता कल्पना करा, हे वाक्य तुम्ही आज एखाद्या डॉक्टरला ऐकवलंत तर पुढे काय होईल? लगेच दोन-चार तपासण्या लिहून मिळतील. पण १८९५ साली जिवंत माणसाच्या पोटात डोकावून बघायची सोयच नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिकडे जर्मनीत रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले, पण त्यातून हाडं दिसणार होती. आतड्याच्या आतल्या बाजूला उगवलेला मऊ कोंब काही त्यात दिसत नाही. खालून घालायची ताठ नळी होती, पण ती पंचवीस-तीस सेंटिमीटरपलीकडे जायची नाही, आणि मोठं आतडं असतं साधारण दीड मीटर. म्हणजे पुढचा सगळा भाग अंधारात. तिथे काय चाललंय हे कळायचं तेव्हा माणूस एक तर खंगलेला असायचा, नाही तर टेबलावर असायचा.

म्हणजे पॉलिनच्या भीतीला उत्तराची तारीखच नव्हती. आज मी ठीक आहे, उद्याही असेन, परवाचं माहीत नाही... हे असं रोज.

वॉर्थिननं तिला 'असं काही नसतं हो' म्हणून वाटेला लावलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. त्या काळच्या शहाण्यासुरत्या डॉक्टरांचं मतही साधारण तसंच होतं. कॅन्सर आनुवंशिक वगैरे असतो हे मानायला फार कुणी तयार नव्हतं. त्यानं तिला कामाला लावलं. तुझ्या घरात कोण, कधी, किती वर्षांचं असताना, कशानं गेलं, सगळं लिहून काढ. आणि या बाईनं ते केलं. एक-दोन संध्याकाळी बसून नव्हे, वर्षानुवर्षं. जर्मनीतून मिशिगनला आलेलं मोठं खटलं होतं ते. मामा, मावश्या, चुलत भावंडं, त्यांची मुलं. प्रत्येकाकडून माहिती काढायची, आणि तीही कुठली, तर 'तुमची आई नक्की कशानं गेली हो?' अशी. शिवणकाम सांभाळून.

१९१३ साली वॉर्थिननं यावर पेपर छापला. कुटुंबाला त्यानं नाव दिलं 'फॅमिली जी'. पेपरातला आकडा असा आहे: कॅन्सरनं गेलेल्या आजोबांच्या ४८ वंशजांपैकी १७ जण कॅन्सरनं मेले होते किंवा त्यांचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. दहा जणींना गर्भाशयाचा, सात जणांना जठराचा. (पुढच्या पिढ्यांमध्ये जठराचा कमी होत गेला आणि मोठ्या आतड्याचा वाढला.)

वॉर्थिनला लगेच देव्हाऱ्यात बसवू नका. या आकड्यांमधून तो पुढे 'चांगल्या वंशाच्याच' माणसांनी मुलं जन्माला घालावीत या विचारापर्यंत गेला, आणि तो विचार पुढे जगाला कुठे घेऊन गेला हे आपल्याला माहीत आहे. एखादा माणूस नीट ऐकून घेणारा असतो म्हणून त्याचे निष्कर्षही नीट असतील असं नाही. असो.

पॉलिन १९१९ साली गेली. वय ४६. गर्भाशयाचा कॅन्सर. तिची भीती अगदी बरोबर होती.

हे मी आत्ता का वाचतोय, तर मागच्या मंगळवारी माझी कोलोनोस्कोपी झाली. दोन महिने अधूनमधून रक्त जात होतं. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, 'मूळव्याध असेल, नव्वद टक्के मूळव्याधच असते, पण बेचाळिशी ओलांडलीय तर एकदा आत बघून घेऊ.' बघितलं. मूळव्याध होतीच. शिवाय दोन पॉलिप निघाले. एक किरकोळ, दुसरा अठरा मिलिमीटरचा. दोन्ही तिथल्या तिथे काढून लॅबला पाठवले. रिपोर्ट येत्या मंगळवारी. डॉक्टर म्हणाले, 'दिसायला तर ठीक वाटतोय, पण आपण रिपोर्टवर बोलू.' या वाक्यातल्या 'पण'वर मी गेले चार दिवस पीएचडी करतोय.

आमच्या धंद्यात वाट बघण्याचं काही वाटत नाही. बिल्ड लावायचा आणि खाली चहा प्यायला जायचं. स्क्रीनवर 'पेंडिंग' असं लिहून येतं आणि कुणाला त्यात भय वाटत नाही. इथे मात्र तो शब्द लॅबच्या पोर्टलवर दिसला की पोटात गोळा येतो. गंमत बघा, मराठीत भीती पोटातच राहते. पोटात गोळा येतो, पोटात खड्डा पडतो, धस्स होतं तेही पोटातच. आणि जे कुणाला सांगायचं नाही तेही आपण पोटातच ठेवतो. माझ्या बाबतीत आतड्यातला तो अठरा मिलिमीटरचा प्रकार भाषेशी अगदी प्रामाणिक राहिला म्हणायचा :-)

पहिल्या रात्री मी नको ते केलं नाही असं म्हणवत नाही. रात्री दोन वाजता, बायको-मुलगी झोपल्यावर, फोनचा उजेड कमी करून, 'स्टेज', 'टक्के', 'पाच वर्षं' वगैरे शोधलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं एक नियम केला. रात्री दहानंतर वाचायचंच असेल तर इतिहास वाच, आकडे वाचायचे नाहीत. नियम विचित्र आहे पण चालतो. टक्केवारी वाचली की मी लगेच तिच्यात जाऊन बसतो, कधी वरच्या बाजूला कधी खालच्या. १८९५ सालच्या अ‍ॅन आर्बरमध्ये मात्र मी कुठेच नाही. तिथे पॉलिन आहे. तिच्या भीतीशेजारी थोडा वेळ बसता येतं.

आणि तिच्याशेजारी बसायला अजून एक माणूस आहे.

१९६२ साल, गाव ओमाहा, राज्य नेब्रास्का. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात हेन्री लिंच नावाचा डॉक्टर शिकाऊ म्हणून काम करत होता. हाही नमुनाच. सोळाव्या वर्षी वय लपवून नौदलात गेलेला, मग काही काळ 'हॅमरिंग हँक' या नावानं पैसे घेऊन बॉक्सिंग खेळलेला, मग जेनेटिक्स, आणि शेवटी डॉक्टर. त्याच्यासमोर एक पेशंट आला, दारूच्या अतिरेकातून जेमतेम बाहेर आलेला. इतकी का पितोस, असं विचारल्यावर तो म्हणाला की आमच्या घरात सगळे आतड्याच्या कॅन्सरनं मरतात, मीही मरणार, मग काय करू?

विचार करून बघा, पॉलिन आणि हा माणूस, दोघांचं वाक्य जवळजवळ एकच आहे. मध्ये सदुसष्ट वर्षं गेलीत. तिनं यादी केली, यानं बाटली घेतली. मला यात पॉलिन शहाणी आणि हा बिचारा दुबळा असं अजिबात म्हणायचं नाही. तिला विचारणारा माणूस विशीत भेटला. याला विचारणारा फार उशिरा भेटला, तोही दारूबद्दल विचारायला आलेला. बाकी चार दिवसांच्या अनुभवावर सांगतो, बाटलीचा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

लिंचनंही तेच केलं जे वॉर्थिननं केलं होतं. ऐकून घेतलं, आणि घरातल्यांची यादी करायला घेतली. आधी त्याला वाटलं की हा शेकडो पॉलिप होणारा, आधीपासून ठाऊक असलेला आनुवंशिक आजार असेल. पण जुने नमुने काढून बघितले तर या घरात तसे शेकडो पॉलिप नव्हतेच. मग हे काय होतं? १९६६ साली त्यानं मिशिगनमधल्या सहकाऱ्यांबरोबर अशा दोन कुटुंबांवर पेपर लिहिला. तो वाचून वॉर्थिनच्या खुर्चीवर नंतर आलेल्या डॉक्टरांनी फॅमिली जीचे जुने कागद त्याच्या हवाली केले. पॉलिनच्या यादीला पुन्हा पाय फुटले. लिंच आणि अ‍ॅन क्रश या त्याच्या सहकारी बाईंनी ती १९७१ साली पुढे नेऊन छापली. आता त्यात साडेसहाशेवर माणसं होती आणि ९५ जणांना कॅन्सर झालेला होता.

तरीही विश्वास ठेवणारे कमीच. कॅन्सर होतो तो धुरानं, रसायनांनी, व्हायरसनं अशी हवा होती. लिंचचे निधीचे अर्ज वर्षानुवर्षं परत यायचे. आमच्याकडे एखादा बग 'माझ्या मशीनवर तर येत नाही' म्हणून बंद करतात ना, तसं. ज्याच्या घरात चार माणसं गेलीत त्याच्या मशीनवर तो रोज येत असतो.

आता जरा वेगळ्या बाजूला जातो, कारण यादी करायची म्हटली की पहिली अडचण औषधाची किंवा विज्ञानाची नसते. लोक सांगत नाहीत, ही असते.

१९६१ साली डोनाल्ड ओकेन नावाच्या डॉक्टरनं शिकागोच्या एका हॉस्पिटलमधल्या २१९ डॉक्टरांना विचारलं होतं, पेशंटला कॅन्सर आहे हे तुम्ही त्याला सांगता का? नव्वद टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. गाठ आहे, सूज आहे, काहीतरी बाही सांगून वेळ मारून न्यायची. १९७९ साली तीच प्रश्नावली पुन्हा दुसऱ्या डॉक्टरांना दिली गेली तेव्हा सत्त्याण्णव टक्के म्हणाले, आम्ही सांगतो. अठरा वर्षांत पार उलटं. म्हणजे आपल्याला जो 'आपल्याकडचा' मायाळूपणा वाटतो, पेशंटला सोडून सगळ्या घराला माहीत असणं, तो तिकडेही परवापरवापर्यंत होता.

आपल्याकडे तो अजून आहे. आणि माझ्याकडेही आहे, कारण मी आईला सांगितलेलं नाही. ती विचारते, चार दिवस झाले नुसता मऊ भात आणि ताक का खातोयस? मी म्हणतो, अ‍ॅसिडिटी. १९६१ सालच्या शिकागोत मी सहज खपलो असतो.

कोलोनोस्कोपीच्या आधी फॉर्म भरून घेतात. त्यात प्रश्न असतो, कुटुंबात कुणाला आतड्याचा कॅन्सर? मी लिहिलं, 'माहीत नाही'. बाबा हार्ट अटॅकनं गेले, छप्पन्नाव्या वर्षी. त्यांच्या आतड्यात काय होतं हे बघायची वेळच आली नाही. आजोबा माझ्या जन्माआधी गेले. घरात त्यांच्याबद्दल एवढंच ऐकलेलं, 'पोटाच्या दुखण्यानं गेले'. पॉलिनचं वाचल्यावर गुरुवारी रात्री मी इस्लामपूरला सुमनआत्याला फोन लावला. आत्या ऐंशीच्या घरात आहे, पण स्मरणशक्ती आमच्या सर्व्हरपेक्षा चांगली.

'आत्या, आजोबा नक्की कशानं गेले?'

'अरे, पोटाचं दुखणं होतं त्यांना.'

'पण म्हणजे काय?'

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, 'तू का विचारतोयस?' आता आत्याला अ‍ॅसिडिटी सांगून भागण्यासारखं नव्हतं. सांगितलं. तिनं एकदम आवाज बदलला. 'थांब, टीव्ही बंद करते,' म्हणाली.

१९७४ साली आजोबांना मिरजेला नेलं होतं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. आतड्यापासून लिव्हरपर्यंत पसरलेलं. आजोबांना सांगितलं, अल्सर आहे, पथ्य पाळा. घरात सगळ्यांना माहीत, त्यांना सोडून. वय किती? 'त्रेपन्न असेल. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती.' मग तिनं आपणहून सांगितलं, 'तुला वाटतं त्यांना कळलं नव्हतं? गेल्यावर उशाखाली वही मिळाली. कुणाचं किती देणं, कुणाकडून किती येणं, शेताचा कुठला कागद कुणाकडे, सगळं लिहून ठेवलेलं. शेवटचं पान मिरजेहून आल्यानंतरच्या आठवड्यातलं. आम्ही त्यांना अल्सर सांगत होतो आणि ते आम्हाला काही सांगत नव्हते.'

ही वही मला कुणी दाखवली नाही, तिच्याबद्दल आजवर कुणी बोललंही नव्हतं. पण त्या फोननंतर मी पहिल्यांदा सलग पाच तास झोपलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. माहिती तशी वाईटच होती.

तर या सगळ्यात माझ्या आणि आजोबांच्या मध्ये नक्की काय बदललं? एक नळी आली. आणि ही नळी, योगायोग बघा, पॉलिनच्याच गावात तयार झाली.

वाकणाऱ्या नळीतून बघायचं म्हणजे उजेडाला वळवायचं. १९५४ साली लंडनच्या इंपिरियल कॉलेजातल्या हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की काचेच्या बारीक तंतूंचा जुडगा केला तर त्यातून चित्र पलीकडे पोचतं. (कपानी आपले पंजाबातल्या मोगा गावचे. २०२० साली गेले, २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.) हे वाचून अ‍ॅन आर्बरमधला बेझिल हर्शोविट्झ नावाचा पोटाचा डॉक्टर थेट लंडनला जाऊन तो प्रयोग बघून आला. परत आल्यावर अडचण अशी झाली की तंतू एकमेकांना चिकटले की उजेड एकातून दुसऱ्यात गळायचा आणि चित्र पुसट व्हायचं. हे सोडवलं लॅरी कर्टिस नावाच्या मुलानं, तेव्हा तो पदवीसुद्धा मिळवायचा होता! त्यानं एका प्रकारच्या काचेचा दांडा दुसऱ्या प्रकारच्या काचेच्या नळीत घातला, दोन्ही एकत्र तापवले आणि ओढून तंतू काढला. आतल्या काचेतला उजेड बाहेरच्या काचेवर आपटून आतच राहतो. फेब्रुवारी १९५७ मध्ये हर्शोविट्झनं ती वाकणारी नळी आधी स्वतः गिळून बघितली, मग पेशंटला घातली.

काचेत काच, ही रचना आमच्या जातभाईंना चांगली ओळखीची आहे. माझ्या घरी येणारं इंटरनेट त्याच तत्त्वावर येतं. म्हणजे माझ्या आतड्यातला पॉलिप आणि मला रात्री दोनला तो किती वाईट असू शकतो हे सांगणारं गुगल, दोन्ही एकाच युक्तीतून माझ्यापर्यंत पोचले. आजच्या नळीच्या टोकाला छोटा कॅमेराच असतो, पण उजेड बऱ्याचदा अजून काचतंतूंतूनच आत जातो.

ही वरची, जठराची नळी झाली. मोठ्या आतड्याची वळणं अवघड, तिथे पोचायला अजून दहाएक वर्षं गेली. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी या नळीतून तारेचा फास आत घालून, त्यात वीज सोडून, पॉलिप मुळापासून कापून काढला. पोट न फाडता. त्याआधी वरच्या भागातला पॉलिप काढायचा तर पोट उघडावं लागायचं. मिरजेला आजोबांचं पोट उघडलं त्याच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट, पण न्यूयॉर्कमधली. अशी युक्ती तालुक्याच्या गावापर्यंत यायला किती वेळ लागतो हे मी सांगायला नको.

पॉलिप काढण्याचं महत्त्व असं की साध्या पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारणपणे दहा वर्षं वगैरे लागतात, आणि बहुतेकांचा तर होतच नाही. म्हणजे तो सापडला आणि निघाला, तर पुढची सगळी गोष्टच निघून जाते. माझ्या मंगळवारचा प्रश्न एवढाच आहे की अठरा मिलिमीटरची गोष्ट कुठल्या पानावर असताना निघाली.

(तयारीबद्दल दोन शब्द न लिहिणं हा वाचकांवर अन्याय होईल. आदल्या दिवशी आतडं धुवायला जे पावडरीचं पाणी प्यायला देतात त्याचं नाव पॉलिइथिलीन ग्लायकॉल, संक्षेपात 'पेग'. दोन लिटरचा पेग! लिंबाचा वास, समुद्राची चव. बाकी तपासणीत इंजेक्शन देऊन झोपवतात, काही कळत नाही. जे लोक 'ते फार भयंकर असतं' म्हणून टाळतात त्यांना सांगतो, भयंकर फक्त आदली संध्याकाळ असते.)

पॉलिनच्या यादीचं उत्तर मिळायला १९९३ साल उजाडलं. पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल करते, त्यात चुका होतात, आणि त्या शोधून दुरुस्त करणारी काही जनुकं असतात. बॅक्टेरिया आणि यीस्टमध्ये ती आधीच माहीत होती. १९९३ मध्ये माणसातलं तसं एक जनुक सापडलं, एमएसएच२, आणि ते बिघडलं की आतड्याचा, गर्भाशयाचा कॅन्सर तरुणपणीच होण्याची शक्यता फार वाढते हे दिसलं. कोड रिव्ह्यू करणाराच रजेवर गेला असं समजा. रोजच्या रोज काही बिघडत नाही, पण चुका साठत राहतात. बिघडलेली प्रत मुलात उतरायची शक्यता निम्मी. या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. २००० साली फॅमिली जीमधला नेमका बिघाड सापडला, एमएसएच२ मध्येच. लिंचला हे सगळं बघायला मिळालं. तो २०१९ साली गेला, ९१ वर्षांचा होऊन.

अजून एक. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांतल्या २५२ जणांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या १३३ जणांनी दर तीन वर्षांनी आतड्याची तपासणी करून घेतली, ११९ जणांनी नाही. न करणाऱ्यांपैकी १९ जणांना आतड्याचा कॅन्सर झाला आणि नऊ जण त्यानं गेले. करणाऱ्यांपैकी आठ जणांना झाला. गेलं कुणीच नाही. हा अभ्यास २००० सालचा. (आकडा आहे, पण दुपारी वाचला. नियम मोडलेला नाही.)

पॉलिनच्याच घराण्यातली एमी मॅके ही कॅनडात राहणारी कादंबरीकार. तिनं २००१ साली स्वतःची जनुकीय तपासणी करून घेतली, घरात दोन लहान मुलं असताना. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. २०१९ साली तिनं त्यावर 'डॉटर ऑफ फॅमिली जी' हे पुस्तक लिहिलं. पणजीच्या पिढीतल्या बाईनं जी भीती घेऊन चोवीस वर्षं काढली तीच हिनं एका पाकिटातून उघडून वाचली, आणि त्यानंतर नियमित तपासण्या करत ती जगते आहे. भीती गेली असेल असं मला वाटत नाही. तिचं वेळापत्रक झालं.

माझ्या बाबतीत हे लिंच सिंड्रोम आहे असं कुणीही म्हटलेलं नाही, आणि एका आजोबांवरून तसं म्हणताही येत नाही. पण डॉक्टरांना शुक्रवारी फोन करून आजोबांचं वय आणि मिरजेचं सांगितलं, तर ते म्हणाले, 'हे चांगलं झालं. मंगळवारी येताना अजून कोणाचं काही कळलं तर तेही लिहून आणा. चुलते, आत्या, त्यांची मुलं. वयासकट.'

म्हणून आज सकाळपासून स्प्रेडशीट उघडून बसलोय. नाव, नातं, जन्म, मृत्यू, कशानं. एकवीस ओळी झाल्यात. 'कशानं' या रकान्यात तीन ठिकाणी नुसतं 'पोट' लिहिलंय. त्यातले दत्तूकाका सोलापूरला होते. सुमनआत्या म्हणाली, त्यांचे हॉस्पिटलचे कागद काकूंनी ट्रंकेत जपून ठेवलेत, पण त्या फोनवर सांगायच्या नाहीत, मी आधी बोलून ठेवते. काकूंना आठनंतर कमी ऐकू येतं, तेव्हा उद्या सकाळी पूजा आटपली की लाव.